आर्किटेक्चरच्या पोरांना समाजशास्त्र आणि कॉम्प्युटर कशाला? डिझाइन थिअरीच्या इलेक्टिव्हबद्दल विचारायचंय

सातारी_रेषा

नमस्कार मंडळी. मी एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते, पुढच्या सेमला चौथ्या वर्षाचं डिझाइन थिअरीचं इलेक्टिव्ह (निवडीचा विषय) माझ्याकडे आलंय. आत्तापर्यंत ते कसं चालायचं तर मॉडर्निझम, मग पोस्टमॉडर्निझम, मग डीकन्स्ट्रक्शन, प्रत्येकाचे दोन-चार मोठे आर्किटेक्ट, पोरं नेटवरून फोटो घेऊन पीपीटी करणार, वाचून दाखवणार, मार्क मिळणार, संपलं. मला ते तसं घ्यायचं नाहीये.

माझ्या डोक्यात असं आहे की शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे कॉम्प्युटरचे एक सर आणि सीनियर कॉलेजच्या समाजशास्त्राच्या मॅडम तयार आहेत तर तिघांनी मिळून घ्यावं, एकच जागा धरायची, एखादी जुनी पेठ किंवा जवळचं एखादं गाव, आणि सेमभर त्यातच राहायचं. सध्या ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि हॉर्स्ट रिटेल वाचतेय. दोघंही डिझाइन थिअरीवर लिहिणारे, १९६३ पासून अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या आर्किटेक्चर डिपार्टमेंटला शिकवायला होते आणि दोघांच्याही शिक्षणात गणित, रिटेल तर मूळचे गणित आणि भौतिकशास्त्रवालेच. म्हणजे हे काही मी नवीन काढलेलं नाही.

आमच्या एचओडी सरांचं म्हणणं, पोरांना धड सेक्शन (इमारत उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग) काढता येत नाही आणि तुम्ही त्यांना सर्व्हे आणि ग्राफ शिकवणार. ते तळमळीने म्हणतात म्हणून मलाही त्यांना नीट उत्तर द्यायचंय. तर विचारायचंय हे, की दुसरे विषय आणल्याने डिझाइन खरंच सुधारतं का, की फक्त ज्युरीत बोलायला मोठे शब्द मिळतात? आणि कुणी असं शिकवलं किंवा शिकलं असेल तर सुरुवात कुठून करावी?

पडवीत_बसलेला

मॅडम, फार बरं वाटलं हे वाचून. मी बरीच वर्षं शिकवून आता निवृत्त आहे, स्टुडिओ आणि थिअरी दोन्ही घेतलंय, जरा सविस्तर लिहितो.

अलेक्झांडरचंच घ्या. माणूस केंब्रिजला गणित आणि आर्किटेक्चर शिकला, मग हार्वर्डला पीएचडी, आणि त्या पीएचडीसाठी आला कुठे, तर गुजरातमधल्या बावरा नावाच्या खेड्यात, १९६२ च्या सुमारास, तिथे काही महिने राहिला आणि एक छोटी शाळाही बांधली. त्याचं पहिलं पुस्तक 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' १९६४ साली आलं, त्याच्या शेवटी जे मोठं उदाहरण आहे ते सहाशे वस्तीच्या शेतकरी खेड्याचं आहे. गावाला काय काय लागतं याची त्याने यादी केली, १४१ गोष्टी. ती यादी पोरांना जरूर वाचायला द्या कारण ती वाचताना आपल्याच गावात फिरल्यासारखं होतं, घराचं दार दक्षिणेला नको हे तिसऱ्या नंबरवर आहे, मग सणावाराला जागा, देऊळ, गुरं, सरपण, विहीर, पाटपाणी, सगळं एका रांगेत. गंमत अशी की बांधकामाची गोष्ट आणि श्रद्धेची गोष्ट त्याने एकाच यादीत घेतली.

मग प्रत्येक गोष्टीचा दुसऱ्या कुठल्या गोष्टींशी संबंध येतो ते बघायचं, एक सोडवायला गेलं की दुसरं अडतं का किंवा आपोआप सुटतं का, आणि हे सगळं जाळं कॉम्प्युटरला द्यायचं. एमआयटीचा मार्विन मॅनहाइम म्हणून सिव्हिलवाला होता, त्याच्याबरोबर मिळून प्रोग्राम लिहिला, आयबीएम ७०९० वर चालायचा, १९६२ ची गोष्ट बोलतोय मी. त्यातून गावाचे चार मोठे गठ्ठे निघाले, गुरं-बैलगाड्या-सरपण एकीकडे, शेती आणि पाणी दुसरीकडे, सार्वजनिक जीवन तिसरं, घरातलं आयुष्य चौथं, आणि त्या चारांचे मिळून बारा छोटे गठ्ठे. प्रत्येकाला एक आकृती काढायची, आकृत्या जोडत जोडत गावाचा आराखडा.

तुमच्या एचओडींना सांगा, यातलं प्रत्येक पाऊल ड्रॉइंगमध्येच येऊन संपतं. ग्राफ हा ड्रॉइंगऐवजी नाहीये, कुठलं ड्रॉइंग आधी काढायचं ते ठरवायला आहे. आणि ज्याला गावातली गोठ्याची आणि चुलीची जागा कळली त्याचा सेक्शन आपोआप सुधारतो हे मी स्टुडिओत स्वतः पाहिलंय.

अजून एक महत्त्वाचं. याच माणसाने १९७१ साली त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली आणि डिझाइन मेथडच्या नावाखाली जे चाललंय त्याच्याशी माझा संबंध नाही असं स्वच्छ सांगून टाकलं, लोक पद्धतीवर पेपर लिहीत बसले आणि बांधणं राहिलंच याचा त्याला राग होता. त्याच्या मते त्या पुस्तकातलं खरं मोलाचं काय, तर त्या छोट्या आकृत्या. पुढे त्यांचेच पॅटर्न झाले, म्हणजे नेहमी येणाऱ्या अडचणींवरची पुन्हा वापरता येतील अशी उत्तरं.

कोड_आणि_कट्टा

मी आर्किटेक्चरवाला नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे, हिंजवडीला. पण या माणसाचं नाव आमच्याकडे रोज घेतलं जातं आणि निम्म्या लोकांना तो घरं बांधणारा होता हेच माहीत नसतं म्हणून लिहितोय.

१९७७ ला अलेक्झांडर, सारा इशिकावा, मरी सिल्व्हरस्टीन आणि अजून तिघांनी मिळून 'अ पॅटर्न लँग्वेज' काढलं, त्यात २५३ पॅटर्न, शहरापासून सुरू होऊन खोलीतल्या खुर्च्यांपर्यंत. १९८७ ला केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन प्रोग्रामरनी ती कल्पना उचलली आणि स्क्रीन डिझाइन करायला छोटे पॅटर्न लिहून बघितले. मग १९९४ ला चौघा सॉफ्टवेअरवाल्यांचं 'डिझाइन पॅटर्न्स' हे प्रसिद्ध पुस्तक आलं, २३ पॅटर्नवालं, फॅक्टरी, ऑब्झर्व्हर, सिंगलटन वगैरे, जे आज इंटरव्ह्यूला प्रत्येक फ्रेशरला विचारतात. आणि कनिंगहॅमने असले पॅटर्न सगळ्यांनी मिळून लिहावेत आणि दुरुस्त करावेत म्हणून १९९५ ला जी साइट काढली तीच जगातली पहिली विकी. विकिपीडिया त्यानंतर सहा वर्षांनी. म्हणजे आर्किटेक्चरच्या एका प्राध्यापकाच्या कामाचा धागा कुठपर्यंत गेला बघा!

पण मॅडम तुम्ही विचारलंय की खरंच सुधारतं का, तर माझं प्रामाणिक मत सांगतो, आमच्याकडे अर्धंच आलं. १९९६ ला आमच्या क्षेत्राच्या मोठ्या कॉन्फरन्सला, सॅन होजेला, अलेक्झांडरला भाषणाला बोलावलं होतं. त्याने तिथे साधारण हे विचारलं की तुमच्या पॅटर्नमुळे प्रोग्राम खरोखर जास्त चांगले होतात का, ते वापरणाऱ्याचं जगणं सुधारतं का, की ती फक्त अनुभव एकमेकांना सांगायची सोयीची पद्धत आहे. त्याच्याकडे पॅटर्नबरोबर माणसाचं भलं होतंय का हा प्रश्न कायम चिकटलेला होता आणि आम्ही तो काढून ठेवला आणि आकृती तेवढी घेतली. मला ते भाषण वाचल्यापासून कोड रिव्ह्यू करताना हा प्रश्न डोक्यात येतोच, की हे जे आम्ही इतकं नीटनेटकं करतोय त्याने समोर बसून फॉर्म भरणाऱ्या बाईचं काम सोपं झालं का.

तुमच्या कॉम्प्युटरच्या सरांना एकच विनंती करा, त्यांनी पोरांना टूल शिकवायच्या आधी पोरांबरोबर त्या पेठेत यावं.

माणदेशी_पोर

पडवीवाले काका, तुम्ही यादीतला तिसरा नंबर सांगितलात, पहिला नंबर नाही सांगितलात. मी ते पुस्तक डिसर्टेशनला वाचलंय. १४१ पैकी पहिलीच नोंद अशी आहे की हरिजनांना अपवित्र, अस्पृश्य मानलं जातं. आठवी अशी की प्रत्येक जातीने शक्यतो आपापला धंदा चालू ठेवावा. आणि ही यादी गावाच्या गरजांची आहे.

त्याने स्वतः लिहिलंय की यात तीन प्रकार आहेत, लोकांना स्वतःला वाटणाऱ्या गरजा, देशाच्या आणि राज्याच्या धोरणातून येणाऱ्या, आणि आत्ताच्या गावात न बोलता पूर्ण होत असलेल्या. मान्य. पण तरी माझ्यासारख्याने, ज्याच्या आजोबांचं घर गावकुसाबाहेर होतं, ते वाचताना मला एकच वाटलं की गावाची ही रचना मोडायची असेल तर ती या यादीत कुठे बसणार? प्रोग्रामला काय कळणार की पाण्याची गरज आणि विटाळाची नोंद या एका वजनाच्या गोष्टी नाहीत. १९५० ला संविधान आलं, अस्पृश्यता कायद्याने बंद झाली, आणि १९६२ च्या डिझाइनच्या यादीत ती एक नंबरला बसलीय.

मी पुस्तक वाचू नका म्हणत नाही, उलट वाचाच, आणि समाजशास्त्राच्या मॅडमना हाच तास घ्यायला सांगा. यादी कोण करतं, कोणाला विचारून करतं, कोणाच्या ओसरीवर बसून करतं. पाटलाच्या वाड्यात बसून केलेली यादी आणि वस्तीतल्या समाजमंदिरात बसून केलेली यादी या दोन वेगळ्या निघतील आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तर डिझाइन थिअरी म्हणजे काय ते पोरांना पहिल्याच आठवड्यात कळेल.

सातारी_रेषा

@माणदेशी_पोर दादा, हे तुम्ही लिहिलंत म्हणून फार आभार. मी यादी पोरांना सुटी-सुटी वाटून देणार होते, आता तसं नाही करणार, पूर्ण देईन आणि पहिल्या नोंदीपासूनच वाचायची. दोन याद्यांची कल्पना तर घेतेच आहे.

@कोड_आणि_कट्टा, सरांना तुमचा निरोप जसाच्या तसा पोचवते.

रिटेलबद्दल कुणी सांगेल का? त्याचा १९७३ चा पेपर वाचला पण चौथ्या वर्षाच्या पोरांना तो कसा शिकवायचा कळत नाहीये, भाषा फार जड आहे.

नगररचना_डेस्क

मी टाउन प्लॅनिंगमध्ये काम करतो, रिटेल हा माझा माणूस. जर्मन, १९५८ पासून उल्मच्या डिझाइन स्कूलला शिकवत होता, तिथून बर्कलीला आला. उल्मशी आपलाही संबंध आहे, तिथेच शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी सरांनी १९६९ ला आयआयटी मुंबईत आयडीसी (इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर) उभं केलं, तेव्हा डिझाइन शिकवायला इंजिनिअरिंग आणि माणसाचा अभ्यास दोन्ही लागतात हा विचार आपल्याकडे पवईला पन्नास वर्षांपेक्षा जास्त काळ आहे, एचओडींना हेही सांगा.

१९७३ चा पेपर रिटेल आणि मेल्विन वेबर दोघांचा, वेबर प्लॅनिंगवाला. जड आहे खरं पण गाभा सोपा आहे. गणिताचं कोडं सुटलं की सुटलं, कळतं आपल्याला. शहराच्या प्रश्नाचं तसं नसतं, इथे संपलं असं म्हणायची खूण नसते, उत्तर बरोबर-चूक नसतं तर बरं-वाईट असतं, करून बघू आणि नाही जमलं तर पुसू असं चालत नाही कारण लोक त्यात राहायला गेलेले असतात, आणि प्रत्येक प्रश्न हा दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचं लक्षण असतो. शहराच्या प्रश्नांची अशी दहा वैशिष्ट्यं दिलीत. त्यातलं शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, शास्त्रज्ञाचा सिद्धांत खोटा ठरला तर त्याला कुणी दोष देत नाही पण प्लॅनरला चुकायचा हक्क नाही.

पेपर देऊ नका, मुंबईचं पुनर्वसन द्या. झोपडीच्या बदल्यात फुकट घर, सुरुवातीला २२५ चौरस फूट, मग २६९, मग ३००. आकडा वाढला, चांगलं झालं. पण घर फुकट द्यायचं तर बिल्डरला जास्त एफएसआय (म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी) द्यायचा, तो बसवायचा तर इमारती उंच आणि जवळजवळ, मग खालच्या मजल्यांवर दिवसाही ट्यूब लावायची वेळ, लिफ्ट बंद पडली की वर राहणारी म्हातारी माणसं अडकली, दारात बसून पापड-शिलाईचं काम करणाऱ्या बायकांचं दारच गेलं. प्रकल्पात घरं उठलेल्यांसाठी सरकारने ज्या वसाहती बांधल्या, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, तिथे डॉक्टरांच्या संस्थेने आयआयटीवाल्यांना बरोबर घेऊन अभ्यास केला, २०१८ ला तो बाहेर आला. इमारतींमधलं अंतर, उजेड, वारा एकीकडे मोजलं आणि टीबीचे पेशंट कुठल्या मजल्यावर आहेत ते दुसरीकडे. जिथे इमारती एकमेकींना चिकटून आणि खाली उजेड-वारा नाही तिथे टीबी जास्त. हे बघा मॅडम, हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचा जवाब आहे. या इमारतींचे प्लॅन मंजूर झालेले आहेत, सेक्शन व्यवस्थित काढलेले आहेत, सही-शिक्का सगळं आहे. दोन इमारतींच्या मधली ती अरुंद गल्ली काय करते हे सांगायला छातीचा डॉक्टर यावा लागला. तो आधी आला असता तर?

आणि रिटेलने नुसता प्रश्न मांडून सोडलेला नाही. १९७० ला वर्नर कुन्झबरोबर त्याने आयबीआयएस नावाची रीत काढली, कुठलाही वाद असला की मुद्दा काय, त्यावर भूमिका कुठल्या, प्रत्येक भूमिकेच्या बाजूने आणि विरुद्ध काय, हे सगळ्यांसमोर लिहीत जायचं. आम्ही हरकती-सूचनांच्या सुनावणीत भिंतीवर मोठा कागद लावून हे करून बघितलंय. भांडणं थांबत नाहीत पण निदान भांडण कशावर आहे ते दिसतं, आणि ज्याने हरकत घेतलीय त्याला आपलं म्हणणं लिहिलेलं दिसलं की तो निम्मा शांत होतो.

सेम_आठ

मी चौथ्या वर्षालाच आहे (दुसऱ्या कॉलेजला). मॅडम प्लीज असं इलेक्टिव्ह घ्याच!! आम्हाला साइट ॲनालिसिस म्हणजे बाण काढायचे, वारा इकडून, सूर्य तिकडून, नॉइझ इथून, आणि मग डिझाइन वेगळंच सुरू होतं, त्या शीटचा पुढे कुणाला उपयोगच नसतो. फक्त एक भीती, तीन विषयांचे तीन सर आले तर तिघांची तीन सबमिशनं होतील आणि आम्ही रात्रभर जागून तिन्ही उरकू, शिकणार काहीच नाही. सबमिशन एकच ठेवा. आणि एवढं वाचून मला खरंच विचारायचंय की ते २५३ पॅटर्न आपल्याकडे लागू पडतात का, तिकडचं हवामान, तिकडची घरं वेगळी ना?

पडवीत_बसलेला

आधी माणदेशी पोराला. तुझं म्हणणं पटलं बाळा, पूर्णपणे. त्यात एक भर घालतो, अलेक्झांडर पुढे स्वतःच त्या रस्त्याने गेला, तज्ज्ञाने यादी करायची हे त्याने सोडलं आणि राहणाऱ्यालाच ठरवू द्यायचं हे धरलं. १९७६ च्या सुमारास मेक्सिकोत मेहिकालीला तो विद्यार्थ्यांना घेऊन गेला, कुटुंबांनी आपापल्या घराचा आराखडा जागेवर उभं राहून ठरवला आणि विद्यार्थी त्यांच्याबरोबर विटा पाडायला, बांधायला. तीस घरं व्हायची होती, पाचच झाली, सरकारने हात काढून घेतला. काही वर्षांनी लोक बघायला गेले तर घरांवर कुटुंबं खूश होती पण मधलं सामायिक अंगण त्यांनी भिंती घालून वाटून घेतलेलं. पोरांना हे दोन्ही सांगायचं, घरं आवडली हेही आणि अंगण टिकलं नाही हेही.

आता सेम आठ. चांगला प्रश्न आहे. त्या पुस्तकात प्रत्येक पॅटर्नच्या नावापुढे चांदण्या आहेत, दोन चांदण्या म्हणजे लिहिणाऱ्यांना हे सगळीकडे खरं असेल याची खात्री वाटते, एक म्हणजे बऱ्यापैकी जवळ पोचलो, आणि चांदणीच नाही म्हणजे आम्हाला नेमकं सापडलेलं नाही, तुम्ही शोधा. पुस्तकच तुम्हाला तपासायला सांगतंय. खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा, याला दोन चांदण्या आहेत. आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीत, मागे-पुढे गॅलरी असलेल्या, आणि एका बाजूनेच खिडकी असलेल्या आत्ताच्या वन बीएचकेत जाऊन दुपारी बसून बघ, लोक कुठल्या खोलीत थांबतात आणि कुठल्या खोलीतून उठून बाहेर येतात. दारापासून आत जावं तसतसं घर खाजगी होत जावं हा एक पॅटर्न आहे, तो तर आपण जन्मापासून जगतोय, ओसरी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार, कोणी कुठपर्यंत यायचं ते न सांगता ठरलेलं. पण इथेच परत माणदेशी पोराचा मुद्दा येतो, कोणाला ओसरीच्या पुढे घेतच नव्हते, तेही त्याच रचनेत लिहिलेलं आहे. दोन्ही एकदम शिकवायला हवं.

मॅडम, सुरुवात कुठून हे विचारलं होतंत. मी असतो तर बाल्कनीपासून केली असती. सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी लोक फारशी वापरत नाहीत असा एक पॅटर्न आहे, कारण दोन-तीन माणसं आणि मध्ये छोटं टेबल त्याहून कमीत मावत नाही. पोरांना टेप देऊन जवळच्या सोसायट्यांत पाठवा, बाल्कनीची खोली मोजायची आणि तिथे आत्ता काय आहे ते लिहायचं, दोरी, वॉशिंग मशिन, तुळस, सायकल, जुनी गादी, की खरंच कुणी बसलंय. घरच्यांना विचारायचं, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, कर्त्या पुरुषाला शेवटी. कॉम्प्युटरच्या सरांना मिळालेली माहिती मांडू द्या, समाजशास्त्राच्या मॅडमना विचारू द्या की कपडे वाळत घालायला दुसरी जागा न देणारा माणूस कोण होता, आणि मग प्रत्येकाने एक बाल्कनी काढायची, पूर्ण सेक्शन, एकाला वीसच्या स्केलमध्ये, कठड्याची उंची आणि पाण्याच्या उतारासकट. तोच कागद एचओडींना दाखवा. पोराच्या मनात काही आलंय की नाही ते त्यांना एका सेक्शनमध्ये कळेल, इतकी वर्षं तेच बघत आलेत ते.

सातारी_रेषा

काका, हे ठरलं. सबमिशन एकच, तिघांच्या सह्या एकाच शीटवर. पहिले दोन आठवडे बाल्कनी, मग पेठ, आणि पेठेत शिरताना याद्या दोन, दोन वेगळ्या ठिकाणी बसून. रिटेलचा पेपर पेठेचं काम अर्ध्यावर आलं की देईन, तेव्हा त्यांना तो स्वतःचाच वाटेल.

@नगररचना_डेस्क, सुनावणीत लावता तो कागद कसा आखता त्याचा फोटो टाकाल का? आणि एखाद्या शनिवारी साताऱ्याला येणं जमेल? मानधन फार देता येणार नाही, पण पोरं चांगली आहेत.

नगररचना_डेस्क

येतो. मानधनाचं राहू द्या. कागदाचा फोटो उद्या ऑफिसातून टाकतो, तोपर्यंत एवढं करा, भूमिका लिहिताना शेजारी माणसाचं नाव लिहू नका, नाव आलं की लोक मुद्दा सोडून माणसाला धरतात. आणि मार्कर दोनच रंगांचे आणा, बाजूने एक, विरुद्ध एक. तिसरा रंग आणला की पोरं सजवत बसतात.